कॉम्प्युटरमधलं गाजरगवत

भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, शेळ्यांमागे मोबाईलवर रेडिओ लावून चालणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत मध्यभागी रेडिओ ठेवून बसलेल्या सगळ्याजणींना नमस्कार.

मागे एकदा आपण गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर कसा ठेवायचा ते बोललो होतो. त्यानंतर दोन-तीन गटांतून एकच तक्रार आली. "ताई, हिशेबाला बसलं की पडद्यावर जाहिरातीच उड्या मारतात. काम करायचं कसं?" आज त्या जाहिरातींबद्दल बोलू, आणि त्यांच्याआड लपून बसणाऱ्या चोराबद्दलही. पण आधी आमच्याच गटाची फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत होतं.

आमच्या गटाने बचतीतून एक जुना लॅपटॉप घेतला. हिशेब, बँकेचं काम, सरकारी अर्ज आणि आमच्या कांदा-लसूण मसाल्याची लेबलं, एवढ्यासाठी. प्रदर्शनाला जायचं होतं आणि लेबल मराठीत हवं होतं. माझ्या जावेच्या मुलीने 'मोफत मराठी फॉन्ट' असं शोधलं. पहिली साईट दिसली ती उघडली, मोठं हिरवं बटण दाबलं. नेक्स्ट, नेक्स्ट, येस, फिनिश. फॉन्ट आला, लेबलं झकास झाली.

दोन दिवसांनी तमाशा सुरू झाला. गूगल उघडावं तर भलतीच साईट उघडायची. कोपऱ्यातून जाहिराती यायच्या. झटपट कर्ज घ्या, पत्ते खेळा, बक्षीस जिंकलात. आणि मधूनच अशी चित्रं, की पटकन झाकण मिटावं लागे. बँकेचे साहेब बैठकीला आलेले असताना नेमकं तसलंच चित्र पडद्यावर आलं. मान वर करायची सोय राहिली नाही. एक सदस्य म्हणाली, "माझ्या आधारकार्डाचा फोटो त्यातून काढून द्या." घरी सासूबाई म्हणाल्या, "बायकांना कशाला हवीत ही थेरं?"

मग एका दुपारी सगळा पडदा लाल झाला. भोंग्यासारखा आवाज, आणि इंग्रजीत मजकूर: व्हायरस सापडला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. आमच्या सचिव ताईंनी घाबरून फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. त्याने एक ॲप टाकायला लावलं, म्हणजे त्याला आमचा पडदा दिसेल. ताईंनी तेही टाकलं. "आता बँकेचं खातं उघडून बघा मॅडम, पैसे सुरक्षित आहेत ना," असं तो म्हणाला आणि तेवढ्यात वीज गेली. वायफाय बंद पडलं. एरवी वीज गेली की आम्ही बोटं मोडतो. त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

पैसा वाचला, पण धीर गेला. लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात गेला आणि महिनाभर तिथेच राहिला. हिशेब पुन्हा वहीत, लेबलं पुन्हा हाताने. शेवटी तालुक्याला एमएससीआयटीचा क्लास घेणाऱ्या ताईंकडे तो नेला. त्यांनी दोन-तीन तासांत सगळं साफ केलं, तेही आमच्याच हातांनी करून घेतलं. एक रुपया खर्च आला नाही. त्यांनी जे शिकवलं, तेच आज सांगते.

हे असतं तरी काय?

गाजरगवत आपण कुणी पेरलं नाही. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं जुनी माणसं सांगतात. मागितला होता गहू, सोबत आलं गवत, आणि आज ते प्रत्येक बांधावर आहे. कॉम्प्युटरमध्ये असंच होतं. आम्ही मागितला फॉन्ट, त्याच्या पोटात दुसरेच प्रोग्राम आले.

त्यात दोन जाती असतात. पहिली जाहिराती फेकणारी, तिला अ‍ॅडवेअर म्हणतात. तुम्ही जाहिरात पाहिली किंवा त्यावर क्लिक केलं, की कुठेतरी कुणालातरी पैसे मिळतात. त्यासाठी हा प्रोग्राम तुमचं गूगल बदलतो, पहिलं पान बदलतो, जाहिराती उघडत राहतो. हा त्रास देतो, पण निदान दिसतो तरी.

दुसरी जात हेरगिरीची, स्पायवेअर. हा तोंड उघडत नाही. गुपचूप बसतो आणि पाहतो. तुम्ही कोणत्या साईटवर जाता, कीबोर्डवर काय टाईप करता, ब्राउझरमध्ये कोणते पासवर्ड साठवलेत, हे टिपून इंटरनेटवरून दुसऱ्याला पाठवतो. काही तर पडद्याचे फोटो काढतात, काही कॅमेरा चालू करतात. बँकेचा पासवर्ड तुम्ही कुणाला सांगितला नाही, तरी तो असा फुटू शकतो.

ही दोन्ही भावंडं एकाच वाटेने आत येतात. म्हणून नुसत्या जाहिरातीच तर येतात, असं म्हणून सोडून देऊ नका. जाहिराती येतात याचा अर्थ दार उघडं आहे.

आता तुम्ही म्हणाल, जाहिराती तर सगळ्याच साईटवर असतात. खरं आहे. बातम्यांच्या पानावर जाहिरात दिसली तर तो त्या साईटचा धंदा आहे. पण सगळी पानं बंद करूनही जाहिरात येते का? सरकारी साईटवर किंवा बँकेच्या साईटवर कर्जाच्या आणि पत्त्यांच्या जाहिराती दिसतात का? पहिलं पान आपोआप बदललंय का? कॉम्प्युटर अचानक बैलगाडीसारखा चालायला लागलाय का? तर काहीतरी आत शिरलंय असं समजा.

शिरतं कुठून?

बहुतेक वेळा आपणच नकळत 'हो' म्हणतो, तेव्हा शिरतं. हे सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण 'हो' जर आपल्या हातात असेल, तर 'नाही'सुद्धा आपल्याच हातात आहे. दारं मोजकी आहेत.

पहिलं दार फुकटच्या डाउनलोडचं. फॉन्ट, गाणी, व्हिडिओ लावायचा प्रोग्राम, पीडीएफचं वर्ड करणारा प्रोग्राम, प्रिंटरचा ड्रायव्हर. अशा साईटवर दोन-तीन मोठी डाउनलोड बटणं असतात आणि त्यातली काही नुसत्या जाहिराती असतात. प्रोग्राम टाकताना मध्येच एका पडद्यावर बारीक अक्षरात 'हेही टाकू का?' असं विचारलेलं असतं आणि चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो, म्हणजे न वाचता अंगठा देतो. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा दिल्याने काय होतं, ते आपल्या आज्ज्यांना विचारा.

आणि गंमत ऐका. मराठी टाईप करण्यासाठी काही उतरवून घ्यायची गरजच नव्हती! विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी आधीपासून असते. सेटिंग्जमध्ये 'टाईम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज' उघडून मराठी जोडायची. त्यात 'मराठी फोनेटिक' नावाचा कीबोर्डही मिळतो. इंग्रजीत 'एमएएसएएलए' टाईप केलं की तो मराठी शब्द सुचवतो. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर महिना वाया गेला नसता.

दुसरं दार 'अलाऊ'चं. एखादी साईट उघडली की वर छोटी चौकट येते आणि सूचना पाठवायची परवानगी मागते. काही साईट तर फसवतात, "तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे दाखवायला अलाऊ दाबा." दाबलंत, की त्या साईटला तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात हवं तेव्हा जाहिरात टाकायची मुभा मिळाली. अशा वेळी 'ब्लॉक' दाबायचं.

तिसरं दार चोरीच्या सॉफ्टवेअरचं. जुना कॉम्प्युटर घेताना विकणारा म्हणतो, "सगळं टाकून देतो, पैसे नकोत." विकतचा प्रोग्राम कुलूप तोडून फुकट दिलेला असतो. ज्याने कुलूप तोडलं, त्याने आत आणखी काय ठेवलं ते आपल्याला दिसत नाही. "हे टाकताना अँटिव्हायरस बंद करा" असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा. कुत्रा बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा घरात घ्यायचा नसतो.

चौथं दार पेन ड्राईव्हचं. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दहा ठिकाणचे पेन ड्राईव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतात. तिथून आपला पेन ड्राईव्ह घरी आणला की उघडण्याआधी त्यावर उजवं क्लिक करून 'स्कॅन' करा. आपल्या फोल्डरांवर अचानक बाणाची खूण दिसायला लागली, तर काही उघडू नका.

पाचवं दार खोट्या साईटचं. सातबारा, योजनेचा अर्ज, लाभार्थी यादी असं शोधलं की कधी कधी वर जाहिरातीच्या साईट येतात. सरकारी साईटचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन'ने संपतो. आपला सातबारा 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असं शेवटी असलेल्या साईटवर मिळतो. पत्ता वाचायची सवय लावा. आणि सरकारी अर्ज भरायला आधी एखादा प्रोग्राम उतरवून घ्या, असं अनोळखी साईट म्हणाली, तर ती बंद करा.

शिरलं असेल तर काय करायचं?

घाबरू नका आणि तोडफोडही करू नका. गाजरगवत फुलोऱ्यावर येण्याआधी मुळासकट उपटतात ना, तसंच हेही. आता ओळीने सांगते. कॉम्प्युटरवर ही नावं बहुधा इंग्रजीत दिसतील, म्हणून मी तीच नावं घेते.

१) आधी इंटरनेट बंद करा. वायफाय किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट तोडा. आत कुणी हेर असेल, तर त्याचं बाहेर बोलणं बंद होईल.

२) त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम केलं असेल, तर बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदलू नका. हेर अजून आत असेल, तर नवा पासवर्डही त्यालाच मिळेल.

३) सेटिंग्ज उघडा, 'ॲप्स' मध्ये जा, 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. विंडोज १० मध्ये तिथेच 'ॲप्स अँड फीचर्स' दिसेल. यादी तारखेप्रमाणे लावता येते. त्रास सुरू झाला त्या दिवसांत काय आलं ते पाहा आणि नको असलेलं 'अनइन्स्टॉल' करा. आमच्यात त्या दिवशी फॉन्टशिवाय चार प्रोग्राम आले होते. पडदा दाखवायला टाकलेलं ते ॲपही काढलं. एखादं नाव कळत नसेल तर घाईने उडवू नका, जाणकाराला विचारा.

४) आता ब्राउझर, म्हणजे क्रोम वगैरे. उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा. 'एक्स्टेन्शन्स' मध्ये आपण न टाकलेलं जे असेल ते काढा. मग 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साईट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' या वाटेने जा. ज्या साईटना सूचनांची परवानगी दिली गेली आहे त्यांची यादी तिथे दिसते. अनोळखी नावं काढून टाका. नुसत्या एवढ्यानेच कोपऱ्यातल्या जाहिराती थांबल्याचं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तरीही पहिलं पान बदलतच असेल, तर 'रीसेट सेटिंग्ज' करा. त्याने साठवलेल्या खुणा आणि पासवर्ड जात नाहीत.

५) आता इंटरनेट जोडा आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. हा विंडोजबरोबर फुकट येणारा राखणदार आहे. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये आधी अपडेट करा, मग 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'फुल स्कॅन' लावा. त्याला बराच वेळ लागतो, तोवर स्वयंपाक उरकून घ्या. तिथेच 'ऑफलाईन स्कॅन' आहे. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडू शकतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. चालू काम आधी सेव्ह करा.

६) विंडोज सिक्युरिटीमध्येच 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' आहे. त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' मध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' नावाचं बटण आहे. नाव लांबलचक आहे, पण काम आपलंच आहे. सोबत चोरून येणारे प्रोग्राम अडवायचं. ते चालू ठेवा.

एवढ्यानेही गेलं नाही, तर हिशेबाची आणि फोटोंची नक्कल काढून घेऊन जाणकाराकडून विंडोज नव्याने टाकून घ्या. केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ साली सुरू झालं. त्याच्या साईटवर सफाईचे मोफत प्रोग्राम मिळतात. अँटिव्हायरस मात्र एकावेळी एकच ठेवायचा. दोन राखणदार एकमेकांवरच भुंकत बसतात.

आणि तो लाल पडदा? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. नंबर दिसला की ती फसवणूक समजा. 'एस्केप' बटण दाबून धरा, नाहीतर 'ऑल्ट' आणि 'एफ-चार' एकदम दाबा. तेही जमलं नाही तर कॉम्प्युटर बंद करा. तो बंद केल्याने काही बिघडत नाही. फोन मात्र करू नका.

पुन्हा येऊ नये म्हणून

आमच्या गटाने आता चार नियम केलेत.

मुलांसाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं खातं काढलं, 'स्टँडर्ड' प्रकारचं. त्यात बहुतेक प्रोग्राम टाकायला मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो. तो अध्यक्ष आणि सचिव या दोघींकडेच आहे. पोरांना खेळायला बंदी नाही, फक्त नवं काही टाकताना विचारायचं.

अपडेट चुकवायचं नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुमच्याकडे विंडोज १० असेल तर त्यावर ११ चालेल का, किंवा वाढीव मुदतीच्या अपडेटसाठी नोंदणी करता येईल का, हे विचारून घ्या. तोवर बँकेचं काम दुसरीकडे करा.

सदस्यांची आधारकार्डं आणि पासबुकं यांचे फोटो काम झालं की पुसायचे, 'रिसायकल बिन' सुद्धा रिकामा करायचा. जे घरात नाही ते चोर नेणार कसा? बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवायचा नाही. आणि कॅमेऱ्यावर आम्ही एक टिकली लावून टाकली. लागेल तेव्हा काढायची.

हिशेबाची वही बंद करायची नाही. दर महिन्याला हिशेबाची नक्कल पेन ड्राईव्हवर घेऊन तो पेन ड्राईव्ह कपाटात ठेवायचा. कॉम्प्युटर बिघडला तरी कुणाचे किती जमा, यावरून गटात भांडण व्हायला नको.

पैसे गेलेच तर

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' या साईटवरही तक्रार करता येते. त्याचवेळी बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. जितक्या लवकर सांगाल, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात असं होतं, की चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. पण कळवल्यानंतर पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून आधी कळवा. रडायचं ते नंतर रडू.

शेवटी एकच सांगते. आमच्याकडे हा गोंधळ झाला तेव्हा सगळ्यांनी त्या पोरीला बोल लावले. ती बिचारी लॅपटॉपला हात लावेना. खरं तर तिने गटाचंच काम केलं होतं. तिच्यासमोर तसं बटण ठेवणारा चोर होता, तिला कुणी शिकवलं नव्हतं ही आमची चूक होती. आता दर महिन्याच्या बैठकीनंतर तीच आम्हाला ॲप्सची यादी उघडून दाखवते, आणि आमच्यातली एकजण स्वतःच्या हाताने स्कॅन लावते. गेल्या महिन्यात सासूबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण दाखव गं, ते गवत कुठं उगवतं."

तुमचा कॉम्प्युटर कपाटात गुंडाळून ठेवला असेल, तर आज बाहेर काढा. पुढच्या बैठकीत दोघींनी बसून ॲप्सची यादी आणि सूचनांची यादी, एवढ्या दोनच गोष्टी तपासा. अडलं तर केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोवर नमस्कार.